गनबोटीवर एक दिवसाची नोकरी

अमेरिकेहून आल्यापासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो, नायगारा बघितला का? नाही बघितला. पाणी वरून खाली पडतं हे बघायला विमानात पाय आखडून बसायची गरज नाही, आमच्या घरामागच्या कड्यावरूनही आषाढात पडतं.

मी काय केलं ते सांगतो. मी अमेरिकेच्या नौदलात एक दिवस नोकरी केली आणि त्याच दिवशी शिक्षाही भोगली. हे जेटीवर कोणाला खरं वाटत नाही, म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. लिहिण्यात चुका असतील तर वाचणाऱ्याने समजून घ्याव्यात. नाही घेतल्या तरी मी आता सुधारणार नाही.

कॅरी

मुलगा प्रशांत नॉर्थ कॅरोलायना नावाच्या राज्यात, कॅरी गावात राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो. गेल्या हंगामात मी होडीवर घसरलो आणि बरगडी दुखावली. एवढीशी गोष्ट, पण माझ्या पुतण्याने, दिनेशने, ती फोनवर अमेरिकेला कळवली. लगेच प्रशांतचा फोन, "बाबा, इकडे या. आराम करा." मला वाटलं पोराला बापाची आठवण आली. तिथे गेल्यावर कळलं की त्याला माझी होडी सोडवायची आहे.

होडीचं नाव 'रत्नमाला'. चाळीस वर्षं मी तिचा तांडेल, म्हणजे सुकाणू माझ्या हातात आणि बाकी सगळे मी सांगेन तसे. दिनेश माझ्या हाताखाली खलाशी म्हणून केस पिकवत आला, पण खाडीच्या तोंडाशी मी त्याला सुकाणूला बोट लावू दिलं नाही. तिथे खडक आहेत. खडकांचं आणि माझं जमतं.

कॅरी गाव मोठं आहे, पण माणूस दिसत नाही. सगळे गाडीत असतात. मी सकाळी रस्त्याने चालायला निघालो तर एका बाईने गाडी थांबवून काहीतरी विचारलं. मी नमस्कार केला. तिने कोणाला तरी फोन लावला. तेव्हापासून मला एकट्याने चालायला बंदी. चुलीला जाळ नाही, नुसती काच तापते, म्हणून चुलीला हात लावायला बंदी. एकदा लपून सुके बोंबील भाजले, तर छताला लावलेलं यंत्र असं बोंबलायला लागलं की सून धावत आली.

सून मानसी नागपूरची. समुद्र पहिल्यांदा बघितला तो लग्नानंतर. पण बाई मनाने मोकळी.

"बाबा, काय जाळून राहिले तुम्ही?"

"बोंबील."

"मग मला सांगायचं ना. खिडकी उघडून भाजू."

दुकानात गेलो की गल्ल्यावरची बाई मला बघून आपणहून दोन पैसे कमी करायची. प्रशांत म्हणाला, सीनियर आहात म्हणून. म्हातारा म्हणायला त्यांना लाज वाटते, म्हणून हा शब्द काढलाय. मला म्हातारा चालतो. सीनियर चालत नाही.

एका शनिवारी मराठी मंडळींचं पॉटलक होतं. पॉटलक म्हणजे यजमानाने घर द्यायचं आणि जेवण पाहुण्यांनी आणायचं. आमच्याकडे याला पाहुणचार म्हणत नाहीत. तिथे सगळे मला काका म्हणत होते. मी होडीच्या गोष्टी सांगायला लागलो आणि अमेरिकेच्या माणसाला समुद्रातलं काम झेपणार नाही असं बोलून गेलो.

पुण्याचा रोहन नावाचा पोरगा म्हणाला, "काका, असं नाही हां. इथून दोन तास ड्राइव्ह केलं की नदीवर एक जुन्या टाइपची गनबोट आहे. समरमध्ये तिथे सिव्हिल वॉरच्या खलाशांचं आयुष्य जगून दाखवतात. आपल्याला पण पार्टिसिपेट करता येतं. मी गेलो होतो यार, लंचला पळून आलो."

मग त्याने युद्धाचं सांगितलं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हा देश उत्तर आणि दक्षिण असा आपसात लढला. दक्षिणेला गुलाम ठेवायचे होते, आणि नावात नॉर्थ असलं तरी हे राज्य दक्षिणेकडचं. उत्तरेच्या बोटी दक्षिणेची बंदरं आणि नद्यांची तोंडं अडवून बसल्या, माल आत-बाहेर होऊ नये म्हणून.

"एक दिवस?" मी म्हटलं. "मी एक वर्ष काढेन."

गाडीत प्रशांत म्हणाला, "बाबा, तुम्हाला नाही झेपणार."

मी म्हटलं, "शर्त लाव."

त्याने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं चिडला, पण तो विचार करत होता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. सकाळच्या शिट्टीपासून संध्याकाळी झेंडा उतरेपर्यंत राहायचं. सांगतील ते करायचं, भांडायचं नाही, हुकूम मोडायचा नाही. जमलं, तर होडीबद्दल मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर सुकाणू दिनेशला द्यायचं."

"नारळी पौर्णिमेला हंगाम उघडतो. त्या दिवशी देईन. पण मी हरणार नाही."

मानसीला पंच केलं. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "मी दोघांचं ऐकलं. आता घरी चला, भूक लागून राहिली."

नदीवर

नदी रुंद, पाणी चहासारखं तांबूस. बोट जुनी नव्हती, जुन्यासारखी नवी बांधलेली होती. लाकडी, पुढच्या भागावर लोखंडी पत्रे आणि मध्ये एक तोफ. बोटीवरचे सगळे हौशी लोक. कॅप्टन एरवी दातांचा डॉक्टर, तो दिवसभर कोणाशी बोलला नाही. सगळा कारभार बोसनच्या हातात, म्हणजे आपल्या जहाजी भाषेत सारंग. आणि सारंग एक बाई! केली तिचं नाव, एरवी शाळेत गणित शिकवते. आमच्याकडे बाई होडीला ओवाळते, होडीवर हुकूम देत नाही. पण भांडायचं नाही असं ठरलं होतं.

तिने प्रशांतला माझा अनुभव विचारला. तो म्हणाला, "फिशिंग." माझा पूर्ण जन्म त्याने एका शब्दात उरकला. अमेरिकेत फिशिंग म्हणजे रविवारी खुर्ची टाकून, थंड डबा उघडून, गळाकडे न बघता बसणे. त्यामुळे मला अगदी खालचा हुद्दा मिळाला, लँड्समन. म्हणजे ज्याने पाणी बघितलेलं नाही असा जमिनीवरचा माणूस. चाळीस वर्षांच्या तांडेलाला! मानसी मला म्हणाली, "बाबा, पंचाने तुमचा चेहरा बघितला. चेहरा भांडणात धरत नाही."

प्रशांत काठावर प्रेक्षकांत बसला. मानसीला माझी दुभाषी म्हणून बोटीवर घेतलं. तिलाही खलाशाचे कपडे दिले, ऐन जुलैत जाड लोकरीचा निळा सदरा. पंच म्हणून तिला हे अपेक्षित नव्हतं.

बोटीवर पाय ठेवण्याआधी मी बूट काढले, लाकडाला हात लावून कपाळाला लावला. होडीवर कोणी चपलेने चढत नाही, आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, तर पाय लागला तरी आपण पाया पडतो. केली खूश झाली. त्या काळचे खलाशीही अनवाणी असायचे म्हणे. पहिला शाबासकीचा शब्द मिळाला आणि मी तिथेच फसलो. ऊन चढल्यावर नाळेवरचे पत्रे तव्यासारखे तापले. सगळे बूट घालून फिरत होते. केलीने मलाही घालायला सांगितले.

"तिला सांग, नाळेवर बूट घालणार नाही."

मानसी तिच्याशी बराच वेळ बोलली आणि मला म्हणाली, "मी सांगितलं तुमचा उपास आहे."

माझ्या बाजूला एक माणूस काम करत होता. काळा, उंच, माझ्याच वयाचा, दाढी पांढरी. नाव एलिस. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. तो काही न बोलता बादली घेऊन गेला आणि मी चालणार तिथे पत्र्यावर पाणी ओतून आला. दिवसभर त्याने हे केलं. मी त्याला थँक्यू म्हटलं नाही. होडीवर आभार मानत नाहीत, पुढच्या वेळी आपण ओततो.

आता खलाशाची नोकरी काय होती ते सांगतो. मला वाटलं होतं तोफा, धूर, लढाई. पहिलं काम डेक घासायचं. वाळू टाकायची, पाणी टाकायचं आणि विटेएवढा दगड घेऊन गुडघ्यांवर बसून घासायचं. डेक आधीच स्वच्छ होता. घासून झाला. केलीने शिट्टी वाजवली. परत घासायचा.

"का?" मी मानसीला विचारायला सांगितलं.

"ती म्हणते, खलाशी रिकामा बसला की भांडतो. म्हणून रोज घासायला लावत."

"आणि लढाई?"

"कधीतरी. महिनोन्‌महिने नदीच्या तोंडाशी नुसते बसून राहायचे म्हणे. शत्रू यायचाच नाही."

म्हणजे अमेरिकेच्या एवढ्या मोठ्या युद्धात साध्या खलाशाने केलं काय, तर दगडाने लाकूड घासलं आणि न येणाऱ्या माणसाची वाट बघितली. कॅरीतल्या माझ्या दिवसांपेक्षा हे बरंच होतं. निदान हातात दगड होता.

एक गोष्ट मात्र मला सकाळपासून खटकत होती. केलीची शिट्टी. उठा म्हणून शिट्टी, बसा म्हणून शिट्टी, कॅप्टन शिंकला तरी शिट्टी. माझ्या बापाने मला होडीवर एकदाच मारलं, ते शिट्टी वाजवली म्हणून. होडीवर शिट्टी मारली की वारा हाक ऐकतो आणि येतो. ही बाई सकाळपासून त्याला बोलावत होती. मी मनात म्हटलं, आज काही खरं नाही.

दुपारी जेवण. उकडलेल्या शेंगांचे दाणे, खारवलेलं डुकराचं मांस, काळी कॉफी आणि एक बिस्कीट. ते बिस्कीट म्हणजे फरशीचा तुकडा. दातांचा डॉक्टर कॅप्टन का झाला ते तेव्हा कळलं. एलिसने ते कॉफीत बुडवून कसं खायचं दाखवलं. मी पिशवीतून सुक्या जवळ्याची चटणी काढली आणि त्याच्या बिस्किटावर ठेवली. त्याने वास घेतला, खाल्ली, डोळे मिटले. मानसीने सांगितलं की त्याची आजी मासे खारवायची, तिच्या घराला असाच वास यायचा.

मग एलिसने त्याच्या घराण्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. खापरपणजोबा असावा. तो याच नदीच्या वरच्या अंगाला एका मळ्यावर गुलाम होता. एका पहाटे दोघांना बरोबर घेऊन त्याने मालकाची होडी पळवली आणि वल्हवत उत्तरेच्या गनबोटीपाशी आला. नौदलाने घेतला. पण पळून आलेल्या गुलामांना ते तेव्हा एकच हुद्दा द्यायचे, लँड्समनच्याही खालचा. बॉय. पोऱ्या. चाळिशी उलटलेला, केस पिकलेला माणूस, आणि बोटीवर त्याचा हुद्दा पोऱ्या. मिसरूड न फुटलेली पोरं त्याला हुकूम द्यायची आणि तो कोळसा वाहायचा.

मी बिस्कीट बाजूला ठेवलं. मी मानसीला म्हटलं, "विचार याला, त्याला राग नाही यायचा?"

एलिस हसला. मानसीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि हळू सांगितलं, "राग रोज यायचा म्हणे. पण त्या बोटीवर त्याला कोणी आणला नव्हता, बाबा. तो स्वतः वल्हवत आला होता."

ढग

दुपारनंतर आम्हाला लहान होडीत उतरवलं. वल्ही मारत नदीत एक फेरी, गस्त म्हणून. केली सुकाणूवर. एलिस आणि मी जोडीने एका फळीवर, पुढे आणखी दोघे. मानसी मध्ये, होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे बंद. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घातली होती, जी त्या युद्धात नव्हती.

नदीच्या मध्यावर आलो आणि मला पश्चिमेला ढग दिसला. काळा, खालून सपाट, वर फुगलेला. आमच्याकडे असा ढग दिसला की मी कोणाला विचारत नाही, होडी वळवतो. केलीने तोच मुहूर्त साधून शिट्टी वाजवली.

"मानसी, तिला सांग परत फिर. वारा येतोय."

मानसीने डोळे न उघडता सांगितलं. उत्तर आलं, "ती नाही म्हणून राहिली. ढग लांब आहे म्हणते."

"लांब? तिला काय कळतंय?"

"बाबा, शर्त."

मी दोन वल्ही मारली. ढग माझ्याकडे बघत होता. मग मला काही सुचलं नाही. मी उठलो, मागे गेलो, केलीच्या हातातलं सुकाणू धरलं आणि काठाकडे वळवलं. तोंडाने मराठीत हुकूम देत होतो, ओढा, जोरात ओढा, आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी ओढलं. काठ जवळ आला. आमच्या खाडीत काठाचं पाणी कुठे खोल आहे ते मला झोपेतही कळतं. ही माझी खाडी नव्हती. होडी गाळात शिरली आणि बसली.

सगळे आभाळाकडे बघत वाट बघायला लागले. वारा आला नाही. पाऊस आला नाही. ढग आमच्या डोक्यावरून सावकाश निघून गेला, दुसऱ्या कोणाकडे तरी काम असल्यासारखा.

मानसीने डोळे उघडले. "पोचलो का?"

गाळातून होडी ढकलून काढताना मी कमरेपर्यंत बरबटलो. कोणी मला काही बोललं नाही, ते जास्त लागलं. गनबोटीवर परत आलो तेव्हा काठावर प्रशांत उभा. त्याने सगळं बघितलं होतं. केली त्याच्याशी हसून बोलली.

"काय म्हणते?"

"काही नाही," मानसी म्हणाली. "म्हणते, इट्स ओके. शिक्षा वगैरे नको, ते सीनियर आहेत. सावलीत बसवा, लिंबू सरबत देते."

माझ्या अंगावरचा गाळ वाळत होता. सकाळपासून त्या बाईने मला दगडाने डेक घासायला लावला, शिट्टीवर नाचवलं, तेव्हा मी तिचा खलाशी होतो. आता सरबत प्यायलो तर मी कोण?

"तिला विचार, त्या काळी खलाशाने सुकाणूला हात घातला असता तर काय केलं असतं?"

"बेड्या घालायचे म्हणे. नाहीतर झेंडा उतरेपर्यंत डोलकाठीखाली उभं करायचे."

"मग घाल म्हणावं बेड्या."

"बेड्या नाहीत, बाबा. इन्शुरन्समध्ये बसत नाही."

"तर मग उभा राहतो."

आणि उभा राहिलो. प्रशांत धावत बोटीवर आला. "बाबा, पुरे झालं. तुमचं वय काय, ऊन काय! मी मानलं तुम्हाला. तुम्ही जिंकलात, चला घरी."

"मी हरलो. हुकूम मोडला, होडी गाळात घातली. हरलेल्याला जिंकलास म्हणू नकोस, तो अपमान असतो."

"निदान पाणी तरी प्या."

"शिक्षेवरच्या माणसाला पाणी चालतं का, ते सारंगला विचार."

त्याने खरोखर विचारलं. केलीचा चेहरा बदलला. ती हसायची थांबली, सरळ उभी राहिली आणि मला म्हणाली, चालतं. मानसीला मध्ये यावं लागलं नाही. त्या दिवसातला तिचा तो एकच हुकूम मला आवडला.

लोक फोटो काढत होते. एका बाईने खुर्ची आणून ठेवली, मी तिच्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने माझ्या बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलं. एलिस. टोपी नीट करून, हात मागे बांधून.

"याने काय केलंय?" मी विचारलं.

मानसी त्याच्याशी बोलली. "ते म्हणतात, वल्ही त्यांनीपण मारली होती. गाळात न्यायला तेही होते."

आम्ही दोघे झेंडा उतरेपर्यंत उभे राहिलो. एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे बोलण्यात काही बिघडलं नाही. उतरण्याआधी मी त्याच्या बादलीकडे गेलो, ती भरली आणि त्याच्या पायांवर ओतली. बुटांवरच. तो एवढा हसला की दातांच्या डॉक्टरानेही वळून बघितलं.

गाडीत बसून परत निघालो. कॅरी जवळ आलं आणि आभाळ फुटलं. समोरचा रस्ता दिसेना.

"बघ," मी म्हटलं.

प्रशांतने वायपर लावला. "बाबा, आपण शंभर मैल लांब आलोय."

घरी

नारळी पौर्णिमेला मी गावी होतो. प्रशांतने दिनेशला आधीच फोन करून सांगितलं होतं, बाबा आता घरी बसणार. जेटीवर सगळ्यांना कळलं होतं. मी नारळ दिला, होडीला ओवाळून झालं आणि सगळ्यांसमोर सुकाणू दिनेशच्या हातात दिलं. दिनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. खुर्च्या आणणारे लोक सगळीकडे असतात.

मी बूट काढले आणि होडीवर चढलो.

"काका, तुम्ही कुठे?"

"खलाशी कमी आहे ना तुझा एक?"

संध्याकाळी फोनवर प्रशांत ओरडला, "बाबा, शर्त काय होती?"

"सुकाणू द्यायचं. दिलं."

"असं थोडीच असतं!"

मागून मानसीचा आवाज आला, "पंच म्हणून सांगते, बाबा बरोबर बोलून राहिले."

पहिल्या फेरीला दिनेशला माझ्याकडे बघून हुकूम देता येईना. "काका, जरा बाजूला बसता का," असं म्हणाला. मी म्हटलं, "तांडेल, असं विचारतात का? काम सांग." त्याने डेककडे बघितलं. मग म्हणाला, "डेक धुवून घ्या." डेक स्वच्छ होता. मी बादली घेतली.

खाडीचं तोंड आलं. डाव्या हाताला खडक, पश्चिमेला ढग, काळा आणि खालून सपाट. मी ढगाकडे बघितलं, मग दिनेशकडे बघितलं. तोही ढगाकडेच बघत होता. मी बादली खाली ठेवली आणि तो काय सांगतो याची वाट बघत उभा राहिलो. चाळीस वर्षांत त्या होडीवर एवढं जड काम मी केलं नव्हतं.